नकाराचे पत्र आल्यानंतर : अमेरिकेतील अपंगत्व लाभांविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून अपंगत्वाच्या लाभांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. आमवात आणि मणक्याचा विकार यांमुळे मला दीड वर्षापूर्वी प्रयोगशाळेतील नोकरी सोडावी लागली. सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेकडे, केलेला अर्ज गेल्या महिन्यात नाकारला गेला. पत्रात म्हटले आहे की मी पूर्वीचे काम करू शकत नसले, तरी दुसरे हलके काम करू शकते. माझ्या डॉक्टरांनी तर ‘काम करण्यास असमर्थ’ असे स्पष्ट लिहून दिले होते. आता नव्याने अर्ज करावा की अपील करावे? भारतातील सरकारी रुग्णालयाचा ४५ टक्के अपंगत्वाचा दाखला माझ्याकडे आहे. तो जोडल्यास उपयोग होईल का? (न्यू जर्सी)

उत्तर : अपील करा, आणि मुदतीत करा. नकाराचे पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. पत्र त्यावरील तारखेनंतर पाच दिवसांत पोहोचले असे गृहीत धरले जाते, त्यामुळे पाकीट उशिरा उघडल्याने मुदत वाढत नाही. गंभीर आजारपण किंवा रुग्णालयातील वास्तव्य यांसारखे सबळ कारण लेखी दिल्यास उशीर माफ होऊ शकतो, परंतु त्या आशेवर कोणी राहू नये.

नकार आला की अनेक जण निराश होऊन काही महिने थांबतात आणि मग नव्याने अर्ज करतात. यात दुहेरी नुकसान आहे. सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व विम्याची (नोकरीत भरलेल्या करावर मिळणाऱ्या लाभाची) थकबाकी अर्जाच्या तारखेच्या मागे जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंतच मिळते, म्हणून जुना अर्ज सोडून दिला की त्याच्याबरोबर मागचे पैसेही जातात. शिवाय काम सोडल्यानंतर हा विमा साधारणपणे पाच वर्षांनी संपतो आणि त्यानंतर सुरू झालेले अपंगत्व कितीही गंभीर असले तरी त्याला संरक्षण मिळत नाही. अपील केल्याने पहिल्या अर्जाची तारीख टिकून राहते.

अपिलाच्या चार पायऱ्या आहेत : फेरविचार, प्रशासकीय न्यायाधीशांपुढील सुनावणी, अपील्स कौन्सिल (सोशल सिक्युरिटीचेच वरचे अपील मंडळ) आणि शेवटी संघीय जिल्हा न्यायालय. फेरविचार पहिला निर्णय देणाऱ्या राज्याच्या यंत्रणेतीलच, पण त्या निर्णयात सहभागी नसलेली माणसे करतात, आणि तेथे पुन्हा नकार येणे अगदी सामान्य आहे. त्याने खचू नका. आपले म्हणणे निर्णय देणाऱ्या माणसासमोर बोलून मांडण्याची पहिली संधी सुनावणीतच मिळते.

आता आपल्या पत्रातील कारणाकडे वळू, कारण अपिलात उत्तर त्या कारणालाच द्यायचे असते. ‘हलके काम’ याला या कायद्यात ठरलेला अर्थ आहे : अधूनमधून २० पौंड आणि वारंवार १० पौंड वजन उचलणे, आणि आठ तासांपैकी सुमारे सहा तास उभे राहणे किंवा चालणे. बैठ्या कामात १० पौंडांपेक्षा जास्त वजन उचलावे लागत नाही आणि दिवसाचे सुमारे सहा तास बसून जातात. पन्नाशी ओलांडलेल्या अर्जदारासाठी हा फरक निर्णायक ठरतो. आपण केवळ बैठे काम करू शकता आणि आपल्या पूर्वीच्या कामातील कौशल्ये दुसऱ्या बैठ्या कामात वापरता येत नाहीत असे सिद्ध झाले, तर नियमांतील कोष्टकानुसार ५० ते ५४ या वयोगटात सामान्यतः अपंगत्व मान्य होते. हलके काम जमते असे ठरले, तर सामान्यतः होत नाही. प्रयोगशाळेतील कामाचे कौशल्य अन्यत्र वापरता येते का, हा आपल्या प्रकरणातील खरा वादाचा मुद्दा होऊ शकतो, आणि तेवढ्यासाठी तरी आतापासूनच वकील घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

डॉक्टरांचे ‘काम करण्यास असमर्थ’ हे वाक्य आपल्याला निर्णायक वाटते, पण तो निष्कर्ष काढण्याचा अधिकार सोशल सिक्युरिटीने स्वतःकडे ठेवला आहे. २७ मार्च २०१७ पासून दाखल झालेल्या अर्जांमध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला आपोआप अधिक वजन मिळत नाही. ते मत तपासण्यांच्या आधारावर उभे आहे का आणि इतर नोंदींशी जुळते का, हे पाहिले जाते. म्हणून डॉक्टरांकडून एका ओळीचे प्रमाणपत्र न घेता तपशील लिहून घ्या : सलग किती मिनिटे बसता येते, किती उभे राहता येते, बोटांनी बारीक काम किती वेळ जमते, दिवसात किती वेळा आडवे व्हावे लागते, महिन्यातून किती दिवस कामावर जाणे अशक्य होईल, आणि प्रत्येक मर्यादा कोणत्या तपासणीवरून ठरवली.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याची आणि डॉक्टरांनी विचारले की ‘ठीक आहे’ म्हणण्याची सवय फार जुनी आहे. ते ‘ठीक आहे’ डॉक्टर नोंदवून ठेवतात आणि नकाराच्या पत्रात तेच वाक्य आपल्याविरुद्ध उभे राहते. प्रत्येक भेटीत खरे काय होते ते सांगा, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही.

भारतातील दाखल्याविषयी : येथे टक्केवारीने अपंगत्व मोजत नाहीत आणि अंशतः अपंगत्वासाठी लाभही नाही. किमान बारा महिने टिकणाऱ्या, किंवा तितके टिकण्याची अथवा मृत्यूस कारण ठरण्याची शक्यता असलेल्या विकारामुळे आपण लक्षणीय कमाईचे काम करू शकत नाही, एवढेच सिद्ध करायचे असते. दुसऱ्या यंत्रणेचा निर्णय सोशल सिक्युरिटीवर बंधनकारक नसतो. मात्र तो दाखला ज्या एक्स-रे, रक्ततपासण्या आणि तपासणीच्या नोंदींवर दिला गेला, ती कागदपत्रे अवश्य जोडा. आजार किती जुना आहे हे त्यांवरून दिसते.

प्रश्न : माझे पती ४१ वर्षांचे सॉफ्टवेअर अभियंता असून त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. कंपनीच्या गटविम्यातून मिळणारा दीर्घकालीन अपंगत्वाचा मासिक लाभ विमा कंपनीने बंद केला आहे, आणि त्याच कंपनीने पूर्वी आम्हाला सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला लावले होते. तो अर्ज अजून प्रलंबित आहे. दोन्हींसाठी एकच वकील चालेल का? फी परवडेल का? पुण्यातील नोकरीची वर्षे धरली जातात का? (टेक्सास)

उत्तर : ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात, आणि आपल्यासाठी अधिक तातडीचे प्रकरण विमा कंपनीचे आहे. खासगी कंपनीच्या गटविम्याला १९७४ चा एरिसा हा कर्मचारी लाभांविषयीचा कायदा लागू होतो. नकारानंतर विमा कंपनीकडेच अपील करण्यासाठी किमान १८० दिवस मिळतात. ही मुदत भरपूर वाटते, पण पुढे न्यायालयात गेल्यास न्यायाधीश बहुधा या अपिलापर्यंत फाइलमध्ये आलेले पुरावेच पाहतात. सोशल सिक्युरिटीच्या सुनावणीत नवा पुरावा देता येतो, तशी सोय येथे सहसा नसते. म्हणून घाईघाईने दोन पानांचे अपील पाठवू नका. प्रथम संपूर्ण क्लेम फाइल लेखी मागा. ती विनामूल्य देणे बंधनकारक आहे. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी काय लिहिले आहे ते वाचून एरिसाची प्रकरणे नियमित चालवणाऱ्या वकिलाकडून अपील तयार करून घ्या. काही वकील दोन्ही प्रकारची प्रकरणे घेतात; पहिल्या भेटीतच तसे विचारा.

सोशल सिक्युरिटीच्या प्रकरणात वकिलाची फी सामान्यतः जिंकल्यावरच द्यावी लागते. प्रचलित करारपद्धतीत ती थकबाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यांपैकी जी कमी असेल ती असते. ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ अखेरीस लागू झाली. फीला सोशल सिक्युरिटीची मान्यता लागते आणि बहुतेक वेळा तीच थकबाकीतून रक्कम कापून वकिलाला देते. वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा खर्च वेगळा असू शकतो, तो करारात पाहून घ्या. विमा कंपनीविरुद्धच्या प्रकरणाला ही मर्यादा लागू नाही, त्यामुळे तेथील टक्केवारी सही करण्यापूर्वी नीट वाचा. उत्पन्न कमी असलेल्यांना स्थानिक लीगल एड संस्थांकडून विनामूल्य मदत मिळू शकते.

भारतातील वर्षे मोजली जात नाहीत, कारण दोन्ही देशांतील नोकरीची वर्षे एकत्र धरण्याचा करार भारत आणि अमेरिका यांच्यात नाही. आपल्या पतींच्या वयाला २० क्रेडिट, म्हणजे येथे कर भरून केलेले पाच वर्षांचे काम, अपंगत्व सुरू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांत असावे लागते. सोशल सिक्युरिटीचा अर्ज मंजूर झाल्यास विमा कंपनी स्वतः देत असलेल्या लाभातून तेथून मिळणारी रक्कम वजा करते आणि मागच्या काळात जास्त दिलेले पैसे परत मागते. थकबाकी हाती आली की लगेच खर्च करू नका.

प्रश्न : आमच्या २४ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याच्या नावावर बँकेत ३,१०० डॉलर असल्याने त्याचा एस.एस.आय.चा (कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्या अपंगांना सोशल सिक्युरिटी देते त्या मासिक लाभाचा) अर्ज नाकारला. आजोबा दर वाढदिवसाला पैसे देतात, तेच साठले होते. अपील करावे का? (इलिनॉय)

उत्तर : हा नकार वैद्यकीय नाही. एस.एस.आय.साठी एका व्यक्तीची मोजली जाणारी मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ती महिन्याच्या सुरुवातीला पाहतात. ती रक्कम खरोखर मुलाची असेल, तर अपिलाने फारसे साधणार नाही. आपल्या बाबतीत पैशांची रीतसर व्यवस्था करून नव्याने अर्ज करणे योग्य आहे. पैसे नातेवाइकांच्या नावे मात्र वळवू नका. मालमत्ता मोबदल्याशिवाय देऊन टाकल्यास ३६ महिन्यांपर्यंत लाभ रोखला जाऊ शकतो. २०१४ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘एबल’ या अपंगांसाठीच्या बचत खात्यात त्याचेच पैसे ठेवता येतात, आणि त्यातील एक लाख डॉलरपर्यंतची रक्कम एस.एस.आय.साठी मोजली जात नाही. आजोबांनीही यापुढे तेथेच भर घालावी. मुलगा सज्ञान असल्याने आपले उत्पन्न त्याच्या पात्रतेत धरले जात नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याचे अपंगत्व वयाच्या २२ व्या वर्षापूर्वीचे असल्याने आपल्यापैकी कोणी निवृत्तिवेतन किंवा अपंगत्वाचा लाभ घेऊ लागल्यावर त्याला आपल्या सोशल सिक्युरिटी खात्यावरून स्वतंत्र लाभ मागता येईल, आणि त्या लाभाला मालमत्तेची अट नाही. म्हणून त्याच्या शाळेच्या आणि निदानाच्या जुन्या नोंदी जपून ठेवा.

प्रश्न : वडिलांची पुढील महिन्यात न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे. त्यांना इंग्रजी सफाईने बोलता येत नाही. मी दुभाषी म्हणून बोलू का? (कॅलिफोर्निया)

उत्तर : दुभाषी सोशल सिक्युरिटी स्वतःच्या खर्चाने देते, आजच सुनावणी कार्यालयाला लेखी कळवा. आपण दुभाषी होण्यापेक्षा साक्षीदार व्हावे, कारण ते घरी काय करू शकत नाहीत हे आपण रोज पाहता. राहिलेला पुरावा सुनावणीपूर्वी किमान पाच कामकाजाच्या दिवसांआधी द्यावा, किंवा तो येणार असल्याचे निदान लेखी कळवावे. सुनावणीत बहुधा व्यवसायतज्ज्ञ असतात आणि अशा मर्यादा असलेल्या माणसाला कोणती कामे मिळू शकतात, असे न्यायाधीश त्यांना विचारतात. वडिलांच्या वकिलालाही त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे : हाच माणूस महिन्यातून तीन दिवस गैरहजर राहणार असेल किंवा त्याला दर तासाला दहा मिनिटे आडवे व्हावे लागणार असेल, तर ती कामे उरतात का? वकील अजून नेमला नसेल तर या आठवड्यातच नेमा आणि गरज पडल्यास त्याच्यामार्फत सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती करा.