ठाण्यात घरी येणाऱ्या दुधात भेसळ वाटली तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर दूध पातळ येतंय, साय धरत नाही, तर बाटलीत नमुना भरून महापालिकेत नेऊ का? नका नेऊ. मी नऊ वर्षं ठाण्यात चरई-कोलबाड भागात दुधाची लाईन टाकली आहे, म्हणजे पहाटे घरोघरी दूध पोचवलंय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी पिशवीवर काय छापलंय ते बघा. टोण्ड दुधात फॅट ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. दुकानदाराने गुपचूप पिशवी बदलली असेल तर साय कमीच येणार.

ते ठीक असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा, त्यांचं कार्यालय वागळे इस्टेटला आहे. पण घरून नेलेल्या बाटलीवर केस उभी राहत नाही. पाणी विकणाऱ्याने घातलं की तुम्ही, हे कोण ठरवणार? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अधिकारी विक्रीच्या जागी स्वतः नमुना घेतो आणि चार भाग करून सील करतो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिनचे थेंब टाकतात. अहवालाला १४ दिवसांची मुदत असते.

म्हणून तक्रारीत वेळ लिहा. गाडी कुठल्या चौकात किती वाजता लागते, क्रेट कुठे उतरतात, ब्रँड, बॅच नंबर, सगळं. आमचा सगळा धंदा पहाटे साडेतीन ते सात. दहा वाजता आलेल्या अधिकाऱ्याला धुतलेले क्रेट दिसतात, दुसरं काही नाही.

ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून दूध तपासून घेता येतं, मात्र तपासायला नेतोय हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते.

पिशवीचा कोपरा मात्र रोज बघा. एका पहाटे माझ्याच क्रेटमधल्या एका पिशवीची खालची शिवण बोटाला खरखरीत लागली, मेणबत्तीवर प्लास्टिक वितळल्यासारखी जाड आणि वाकडी. कारखान्याची शिवण सपाट, सरळ असते. त्या क्रेटमध्ये अशा अकरा पिशव्या निघाल्या, दूध काढून पाणी भरलेल्या. माझ्या लाईनवर तेव्हा दोन बाळंतिणींची घरं होती. दिवसभर मला अन्न गोड लागलं नाही. त्या गाडीचा माल मी पुन्हा घेतला नाही.

तबेल्याचं सुटं दूध घेत असाल तर नुसत्या लॅक्टोमीटरवर, म्हणजे दूध किती जड आहे ते मोजणाऱ्या नळीवर, विसंबू नका. साय काढली की दूध जड होऊन आकडा वर जातो, मग पाणी घातलं की पुन्हा जागेवर येतो, आणि भय्या तोच आकडा तुम्हाला दाखवतो. पिठाचा संशय असेल तर उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. तबेल्याचं शेण, सांडपाणी, घाण यांची तक्रार मात्र महापालिकेकडेच करायची.

आणि एक विनंती, रिकामी पिशवी मधोमध चिरूनच टाका. कोपरा कापलेली अख्खी पिशवी पुन्हा भरता येते.