35 हजारांचा पीसी: आधी बोर्ड ठरवा, मग बाकीचं

अहो, यादी बघितली. मॉनिटर सोडून 35 हजार, मुलगी यंदा गोव्यात फर्मागुडीला इंजिनीअरिंगला, ऑटोकॅड, कोडिंग आणि अधूनमधून गेम. तुम्ही काढलेले पार्ट म्हणजे एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर, कुणीतरी वापरलेला बी450 मदरबोर्ड, डीडीआर5 रॅमची 16 जीबीची एकच स्टिक आणि एसएमपीएससकट (म्हणजे पीसीला वीज देणारा डबा) येणारं कॅबिनेट, ग्राफिक कार्ड नाही. स्पष्टच सांगतो, हा पीसी चालूच होणार नाही.

त्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम4 आणि त्यावर फक्त डीडीआर4 चालते. डीडीआर5 ची खाच वेगळ्या जागी असते, स्लॉटात जाणारच नाही, आणि तरी जोर लावून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. शिवाय 5600 मध्ये ग्राफिक्सच नाही म्हणजे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटर काळा. तुम्हाला हवाय 5600जी, शेवटी जी म्हणजे आतच ग्राफिक्स. इंटेलचं बरोबर उलटं, तिथे शेवटी एफ दिसला की समजायचं ग्राफिक्स नाही, म्हणून आय3 12100 चालेल पण 12100एफ नको, आणि त्याचा एच610 बोर्ड डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींत मिळतो त्यामुळे बॉक्सवर नीट वाचून घ्या.

तुमच्या यादीतला बी450 हा रायझन 5000 सिरीजच्या आधीचा. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुनं असलं तर 5000 सिरीज ओळखत नाही, आणि बऱ्याच बोर्डांवर अपडेट मारायलाच एखादा जुना रायझन बसवावा लागतो, तो कुठे शोधत बसणार? नवा ए520 बोर्ड घ्या. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात 5600जी समोर बायोसचा नंबर दिलेला असतो, तो किंवा त्यापुढचा बोर्डात आहे का ते दुकानदाराला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

रॅम 8 च्या दोन घ्या, 16 ची एक नको. 5600जी चं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एका स्टिकवर गेम अडखळतात. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव भलतेच चढलेत, तेव्हा बजेट फुटलं तर एसएसडी 1 टीबीऐवजी 500 जीबी करा, नाहीतर रॅम सेकंडहँड घ्या, मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावून बघितली की झालं. सेकंडहँड एसएमपीएस मात्र फुकट दिला तरी नको. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) जेन3 वेगाची पुरे, 5600जी जेन4 चा वेग देतच नाही.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर येणाऱ्यावर 450 वॅट छापलेलं असतं, ते छापण्यापुरतंच. आपल्याकडे पावसात लायट किती वेळा जाते येते ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे इथे दीड-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ देत, 550 वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा घ्या, पुढे कार्ड घातलं तरी पुरेल. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो, या मशीनला भरपूर.

आणि प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थची वायर आत जोडलेलीच नसते, मग कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या येतात, लोक म्हणतात पीसी खराब आहे. मांद्र्याला एका मित्राचं कॅबिनेट उघडलं तर मागच्या पोर्टांच्या पत्र्यावर सगळा तांबूस गंज, खारी हवा आणि वर प्लास्टिकचं कव्हर, ओल आतच कोंडलेली. पावसाळ्यात कव्हर घालू नका, रोज थोडा वेळ चालू ठेवा, जमिनीवर ठेवू नका.

पणजीत घ्या की मडगावात, भाव त्याच दिवशी विचारा, प्रोसेसर बॉक्स पॅकच मागा म्हणजे कूलर त्यातच मिळेल, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. बोर्डाचं मॉडेल ठरलं की इथे टाका, मी सपोर्टची यादी बघून सांगतो.