टाकीचा कोपरा पाझरतो, बाहेरून सिलिकॉन भरू का?

प्रश्न : आमची काचेची टाकी दोन फुटी आहे (६० × ३० × ३० सेंमी). मागचा खालचा कोपरा सतत ओला राहतो, खालचं थर्माकोल भिजतं. बाहेरून एपॉक्सी लावलं, ते आठवड्यात सुटलं. आता बाहेरूनच सिलिकॉन भरलं तर चालेल का? आत चार गोल्डफिश आहेत.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही, टाकी रिकामी करावीच लागेल. पाणी आतून बाहेर रेटतं, त्यामुळे बाहेरचा थर सुटत जातो. आतला मात्र त्याच दाबाने काचेवर दाबला जातो. एपॉक्सी कडक होतं, टाकी भरल्यावर काच किंचित वाकली की त्याची पकड जाते.

कोपरा ओला आहे म्हणून गळती तिथेच असेल असं नाही. पाणी जोडावरून ओघळत खाली येतं. कडा पुसून कोरड्या करा आणि वरून खाली टिश्यू पेपर फिरवा. तो पहिल्यांदा जिथे ओला होईल, गळती तिथे. हवेच्या नळीवरून थेंब येत नाहीत ना, हेही बघून घ्या. पुष्कळदा जोड बिचारा निर्दोष असतो.

मासे मोठ्या टबात ठेवा, टाकीचंच पाणी घालून. स्पंज फिल्टर न धुता तिथे चालू करा, खाणं अगदी कमी द्या, रोज पाव पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. (चार गोल्डफिशना ५४ लिटरची टाकी तशीही अपुरीच आहे.)

नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. म्हणून चार इंचांचं ठिगळ लावू नका. ब्लेडने आतल्या सगळ्या कडांवरचा थर काढा. दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनला मात्र ब्लेड लागू देऊ नका, टाकी त्यावरच उभी असते. मग काच निव्वळ ॲसिटोनने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असू शकतं. मधल्या जोडात पोकळी दिसली किंवा तळाची काच तडकली असेल, तर हा उपाय पुरणार नाही. टाकी सोडवून नव्याने जोडून घ्यावी लागेल.

सिलिकॉन १०० टक्के, व्हिनेगरसारखा वास येणारं, आणि नळीवर ‘अ‍ॅक्वेरियम’ लिहिलेलं घ्या. बाथरूमचं बुरशीरोधक चालणार नाही, त्यातलं औषध माशांना घातक ठरतं. सगळ्या कडा मिळून ३ मीटर होतात. ८ मिमीच्या पट्टीला १०० मिली लागेल, एक मोठी नळी भरपूर झाली. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना ८ मिमी सोडून मास्किंग टेप लावा, पट्टी भरा, ओल्या बोटाने एकाच ओढीत दाबा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. नागपुरी उन्हाळ्यात वरची साय पटकन धरते, म्हणून सकाळी लवकर करा, एका वेळी एकच कड घ्या.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला साधारण २-३ मिमी. मे महिन्याच्या कोरड्या हवेत वेळ जास्त लागतो. पूर्ण आठवडा थांबा, वास गेल्याशिवाय पाणी घालू नका. मग सपाट जागी, खाली वर्तमानपत्र पसरून, आधी अर्धी भरा, रात्रभर ठेवा. नंतर पूर्ण भरून २४ तास बघा. ते पाणी फेकून द्या. भरलेली टाकी मात्र कधीही हलवू नका.

प्रश्न : पाणी रोज बोटभर कमी होतं, पण खाली कोरडं असतं. गळती म्हणायची का?

उत्तर : बहुधा नाही, पंख्याखाली पाणी उडतं. दोन दिवस वरून काच झाका. पातळी टिकली तर टाकी ठीक. जोडावर बाहेरून पांढरी क्षारांची रेघ दिसली, तर मात्र वरचं उत्तर तुम्हालाही लागू.