२०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शाळा ऐनवेळी बंद का झाल्या?

छतातल्या ‘राक’ नावाच्या हलक्या काँक्रीटमुळे. १९५० ते १९९० च्या दशकांत तिथल्या शाळा, हॉस्पिटलांच्या सपाट छतांना ते सर्रास वापरलं. त्यात खडी नसतेच. तुकडा कापून बघितला तर आंबोळीला पडते तशी जाळी दिसते. त्यात पाणी मुरतं, आतल्या सळ्या गंजतात आणि फारशी पूर्वसूचना न देता छताची लादी धाडकन खाली येते.

२०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत असंच कोसळलं. शनिवार-रविवार होता म्हणून मुलं वाचली! धोका तेव्हाच कळला होता. तरी शंभराहून जास्त शाळांना धोकादायक भाग बंद करायला सांगितलं ते ३१ ऑगस्ट २०२३ ला, नवं सत्र तोंडावर आलेलं असताना.

पैशाचं म्हणाल, तर शिक्षण खात्याचे माजी सचिव जोनाथन स्लेटर यांच्या म्हणण्यानुसार वर्षाला ३०० ते ४०० शाळा नव्याने बांधायची गरज होती. पैसे मिळत होते वर्षाला १०० शाळांचे, आणि २०२१ मध्ये अर्थमंत्री असताना ऋषी सुनक यांनी तो आकडाही ५० वर आणला, असं स्लेटर म्हणतात. सुनक यांनी दोष नाकारला. पण मुलांच्या डोक्यावरच्या छतात काटकसर मला तरी अक्षम्य वाटते.