घरच्या सोलर पॅनलचा स्टँड स्वतः बनवता येतो का?

तुम्ही विचारलंय की सपाट गच्चीवर साडेपाचशे वॅटचे चार पॅनल लावायचेत, वेल्डिंग येतं, तर लोखंडी अँगलचा स्टँड घरीच केला तर तो पॅनलचं वजन पेलेल का. स्टँड नक्की करता येतो, मीही माझा स्वतःच केलाय. पण वजनाची काळजी सोडा. असा एक पॅनल साधारण २८ किलोचा असतो, चार मिळून ११०-११५ किलो, तेवढं तर कुठलाही बरा अँगल सहज पेलतो. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. स्टँडचं मुख्य काम पॅनल उचलून धरायचं नाही, खाली धरून ठेवायचं आहे, आणि एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

हिशोब करून बघा. वाऱ्याचा दाब प्रति चौरस मीटर न्यूटनमध्ये काढायचा तर वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग गुणिले ०.६१३. वादळात वारा ४० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १४४ किमी धरला तर दाब येतो ९८० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलो प्रति चौरस मीटर. तुमचा एक पॅनल अडीच चौरस मीटरचा, म्हणजे एकावर अडीचशे किलोच्या आसपास आणि चारांवर एक टन! नेमका आकडा कोन, बिल्डिंगची उंची, पॅनल गच्चीच्या कडेला आहेत की मध्ये यावर कमीजास्त होतो, पण अंदाज हा. आणि वारा मागून आला की पॅनलच्या खाली शिरून छत्रीसारखा वर उचलतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो हेही लक्षात ठेवा.

म्हणून पाय कशाला धरतात याचा विचार आधी करा, फ्रेमचा नंतर. सहा पाय धरले तर पॅनल आणि फ्रेमचं वजन वजा जाता प्रत्येक पाय खाली दाबून ठेवायला साधारण १४०-१५० किलो वजन लागतं. काँक्रीटचा ४० सेंमी लांब, रुंद, उंच ठोकळा १५० किलोच्या आसपास भरतो, त्यात फाउंडेशन बोल्ट आधीच सोडून ओतायचा, आणि निदान आठवडाभर पाणी मारायचं. ठोकळ्याखाली रबराची शीट घाला म्हणजे वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही आणि पाण्याचा उतार अडणार नाही असे ठेवा. पण सहा ठोकळे म्हणजे स्लॅबवर नऊशे किलो वाढले, त्यामुळे ते शक्यतो बीम आणि कॉलमच्या वर येतील असे मांडा, स्लॅब जुना असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच करू नका, इथे मी अजिबात सूट देणार नाही. स्लॅबला भोक पाडून अँकर फास्टनर मारणं मला स्वतःला आवडत नाही, गळती एकदा सुरू झाली की पुढे डोकेदुखी.

कोनाबद्दल लोक उगाच अडकून बसतात. तुमचं ठिकाण जितक्या अक्षांशावर तितका कोन, तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, एवढं पुरे. कोन १० अंशांनी चुकला तरी ऊन समोरून येताना दीड टक्काच फरक पडतो. उलट कोन कमी ठेवला की वारा कमी धरतो. फक्त १० अंशांच्या खाली जाऊ नका, पावसाने धूळ धुतली जात नाही. पॅनल सव्वादोन मीटर लांब असेल तर २० अंशाला मागची बाजू पुढच्यापेक्षा ७७ सेंमी उंच येते, त्याप्रमाणे पाय कापा. पुढची बाजूही जमिनीला टेकवू नका, खालून हवा खेळली पाहिजे, कारण पॅनल गरम झाला की वीज कमी देतो, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के.

वेल्डिंग येतं म्हणून सगळं वेल्डच करायचं असं नाही. मी तर गॅल्वनाइज्ड (झिंकचा थर चढवलेले) पाइप आणि अँगल नट-बोल्टनेच जोडा म्हणेन, कारण वेल्डमध्ये झिंक जळून जातं आणि गंज बरोब्बर तिथूनच सुरू होतो, शिवाय त्याचा धूर छातीला वाईट. कुठे करावंच लागलं तर उघड्यावर, आधी ग्राइंडरने झिंक काढून, नंतर झिंकचा स्प्रे मारून. ड्रिल केलेलं भोक पण असंच, कडेची धार घासून काढा आणि आतल्या बाजूने स्प्रे मारा, सहा महिन्यांनी तिथे तांबडे ओघळ दिसायला लागतात ते याच कंटाळ्यामुळे. बोल्ट एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे घ्या. पॅनलची ॲल्युमिनियमची फ्रेम थेट साध्या लोखंडाला टेकवू नका, मध्ये रबर किंवा नायलॉन पॅकिंग. आणि मागच्या पायांना तिरका सपोर्ट दोन्ही दिशांनी हवाच, नुसता चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. तयार झाल्यावर पॅनल चढवायच्या आधी वरची कड धरून जोरात हलवा, पाय जरा जरी नाचला तर तिथे अजून एक पट्टी टाका.

पॅनलच्या फ्रेमला नवीन भोक पाडायचं नाही, वॉरंटी जाते. मिड क्लॅम्प (दोन पॅनलच्या मधली पकड), एंड क्लॅम्प (कडेची पकड) वापरा, लांब बाजूवर टोकापासून साधारण पाव अंतरावर, नेमका पट्टा पॅनलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. बोल्ट किती आवळायचा तेही त्यातच असतं, जोर लावून फ्रेम दाबली तर काच तडकते.

अर्थिंग विसरू नका. ॲल्युमिनियमवर जो ॲनोडाइज्ड थर असतो तो वीज जाऊ देत नाही, त्यामुळे दातेरी वॉशर टाकून तो थर फोडावा लागतो, मगच फ्रेम, रेल (पॅनल ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि स्टँड एकमेकांना जोडले जातात, आणि मग तिथून स्वतंत्र अर्थची तार खाली न्या. आणि उजेडात पॅनलच्या वायरमध्ये करंट असतोच, मेन स्विच बंद केला तरी, म्हणून कनेक्टरचं काम शेवटी, कोरड्या हाताने, आणि त्यासाठी माहितगार वायरमन बोलवा.

पहिलं वादळ येऊन गेलं की पाना घेऊन वर जा आणि सगळे बोल्ट एकदा तपासा, नंतर वर्षातून एकदा.