शंभर वर्षांत कोकणातल्या गावाची रचना कशी बदलते?

मी राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. तुम्ही रचनेबद्दल विचारलंत, तर मला सगळ्यात मोठा बदल हा दिसतो की गावाचं तोंड फिरलं. आधी ते खाडीकडे होतं, आता सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराकडे आहे.

पणजोबांच्या काळात मुंबईची बोट खाडीच्या तोंडाशी मुसाकाजी बंदराला लागायची. तिथून होडीने खाडीत आत यायचं, गावच्या बंदरावर उतरायचं आणि जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून आपापली वाडी गाठायची. म्हणून दुकानं खाली बंदराशी. घरं मधल्या उतारावर, कारण विहिरीला पाणी तिथे लागतं. वरच्या सड्यावर फक्त गुरं चरायची. पावसात तिथे वारा उभं राहू देत नाही आणि उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही.

गाडीरस्ता मात्र सड्यावरूनच आला. सपाट कातळ, मोऱ्या कमी, काम सोपं. एसटी वर थांबायला लागली, खाली खाडी गाळाने भरत गेली. दुकान वर गेलं, मागून पोस्ट गेलं. नळाचं पाणी आल्यावर तर घर विहिरीजवळच हवं, ही अटही उरली नाही.

जमिनीचे कायदेही विसरू नका. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचे हक्क काढणारा 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि कुळकायद्यातला 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, यांमुळे कुळं मालक झाली. मग भावाभावांनी आपापल्या तुकड्यात घरं बांधली आणि दाटीची वाडी सैल झाली. 1990 नंतर फळबाग योजनेतून सड्यावर हापूसची कलमं लागली, भोवती गडगे, म्हणजे दगडी कुंपणं आली, गुरांच्या वाटा बंद झाल्या.

वाड्यांच्या जागा मात्र बदलल्या नाहीत. बौद्धवाडी आजही गावाच्या टोकाला आहे, आणि डांबर नि नळ दोन्ही तिथे सगळ्यात शेवटी पोचले. हे सांगताना मला लाज वाटते.

आमच्या घराची पडवी पाखाडीकडे आहे. पायऱ्यांचे चिरे मधोमध झिजून खोलगट झालेत. आता रस्त्याच्या बाजूला गेट केलंय, त्यामुळे पडवीचं दार मागचं झालं. तुळस मात्र तिकडेच आहे. आई रोज तिन्हीसांजेला मागच्या दाराने जाऊन दिवा लावते. तुमच्या गावातली जुनी वाट शोधायची असेल, तर जुन्या घरांची तुळस कुठल्या दारासमोर आहे ते बघत चला.