चावी फिरते, डबा फिरत नाही

प्रश्न : ताई, आमचा थोडा आंबा आम्ही मे अखेरीला कॅनिंगवाल्याकडे देऊन घरच्यापुरते रसाचे डबे भरून आणतो. ८५० ग्रॅमचे, वर्षाला पंचवीस-तीस. टिन कटर दोन दांड्यांचा आणि फुलपाखरासारख्या चावीचा आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. गेल्या पावसाळ्यापासून चावी फिरते पण डबा फिरत नाही. ह्यांनी पात्याला कानशीने धार लावून दिली, तर आता मध्ये मध्ये पत्रा न कापताच राहतो. नवा घ्यावा का? रिकामा डबा झाकणासकट धुऊन आणि कटरचा फोटो पाठवत आहे. — एक वाचक, देवरूख

उत्तर : डबा पाठवलात हे फार चांगलं केलंत. टिन कटरचं दुखणं कटरपेक्षा कापलेल्या डब्यावर स्पष्ट दिसतं. काल रात्री टेबलाच्या दिव्याखाली तुमचा डबा उलटा धरला आणि काठाची खालची कड भिंगातून बघत पूर्ण फेरी मारली. तिथे बारीक बारीक खाचा आहेत, तांदळाच्या कण्या ओळीने दाबाव्यात तशा. हे चावीने काठाखाली फिरणाऱ्या दातेरी चाकाचे ठसे. चांगल्या कटरचे ठसे खोल, सारख्या अंतरावर आणि तुटक असतात. तुमच्या डब्यावर ते सगळीकडेच उथळ आहेत आणि दोन ठिकाणी तर खाचा नाहीतच, नुसती घासलेली चकचकीत रेघ आहे. तिथे चाक जागच्या जागी फिरलं.

आता झाकण. त्याच्या कडेला पाच ठिकाणी पत्रा न कापता राहिलेला आणि तुम्ही ओढून तोडलेला दिसतो. ती पाच ठिकाणं मी दोरा लावून मोजली. प्रत्येक दोघांमधलं अंतर ५६-५७ मिलिमीटर, थोडं इकडेतिकडे. माझ्याकडे अशाच बनावटीचा कटर आहे. त्याच्या पात्याचा व्यास १८ मिलिमीटर, म्हणजे परीघ साडेछप्पन. पातं एक फेरा पूर्ण करतं तेव्हा एकदा कापायचं चुकतं. कानस लावताना गोल पात्याची एक बाजू सपाट झाली आहे, ती बाजू खाली आली की पातं पत्र्यापर्यंत पोचतच नाही. हाच दोष दातेरी चाकात असता, तर अंतर निराळं आलं असतं. माझ्या कटरचं दातेरी चाक १२ मिलिमीटरचं आहे, त्याचा फेरा ३८ मिलिमीटरला पुरा होतो. तुमच्या कटरला मागे दातचक्रांची (गिअरची) जोडी नाही हे फोटोत दिसतंय, म्हणून एवढ्या खात्रीने सांगते. दातचक्रं असलेल्या कटरमध्ये दोन्ही चाकं बांधलेली फिरतात, तिथे हा हिशेब लागू होत नाही.

म्हणजे दुखणी दोन आहेत. धार लावण्याचं दुसरं. पहिलं त्याच्या आधीचं, आणि ते पात्यात नव्हतंच.

बहुतेकांना वाटतं की पातं कापत कापत पुढे जातं. तसं नाही. पातं निमूट गोल फिरणारं चाक आहे, त्याला स्वतःची ओढ नाही. डबा ओढतं ते खालचं दातेरी चाक. तुम्ही दांडे दाबता तेव्हा दातेरी चाक काठाला बाहेरून, खालून वर रेटतं आणि पातं काठाच्या आतल्या बाजूने झाकणाला वरून खाली दाबतं. कात्रीच्या दोन पात्यांमध्ये कापड धरावं तसा पत्रा या दोन चाकांत सापडतो. मग चावी फिरवली की दात काठात रुततात, काठ पुढे सरकतो आणि पत्रा पात्याखाली येत राहतो. चावीचा पंख मध्यापासून ३० मिलिमीटर लांब आणि चाकाची त्रिज्या ६, म्हणजे बोटांचा जोर पाचपट होऊन दातांवर येतो. तुमच्या डब्याला साधारण सव्वाआठ फेरे पुरतात. कटर अडतो तो जोर कमी पडतो म्हणून नाही. दात काठात रुतत नाहीत म्हणून तो अडतो.

रुतायला काठ तसाच लागतो. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायची तेव्हा दर वर्षी पहिल्या महिन्यात मी एक रिकामा डबा वर्गात न्यायची. बारीक दातांच्या हॅकसॉने त्याचा काठ आडवा कापायचा, कापलेलं तोंड मऊ कानशीवर आणि मग पॉलिश पेपरवर घासायचं आणि भिंग लावायचं. पाच रेघा दिसतात. पाच पत्रे. त्यांतले तीन झाकणाचे आणि दोन डब्याच्या अंगाचे. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, बरोबर तसे झाकण आणि अंग एकमेकांत अडकलेले असतात आणि वरून दाबून चपटे केलेले. मध्ये रबरासारखा लेप असतो, त्याने हवा बंद होते. तुमच्या कॅनिंगवाल्याकडे जे सीमिंग मशीन आहे त्यात दोन प्रकारचे रोलर असतात. एक ही अडकण घालतो आणि दुसरा ती आवळतो. पुढच्या मे महिन्यात गेलात की उभं राहून बघा, दोन-तीन सेकंदांत होतं, पण फार सुंदर काम आहे. एकेक पत्रा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, पाचांचा मिळून हा काठ जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड आणि तीन मिलिमीटर उंच. एवढ्याशा कंगोऱ्यावर सगळा कटर लटकलेला असतो.

हा कंगोरा पूर्वी नव्हता. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडला पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० मध्ये मिळालं. तेव्हाचे डबे जाड, डाग देऊन बंद केलेले. काठाजवळून छिन्नी-हातोड्याने कापावं अशी सूचना त्या काळच्या डब्यावर असे. खास डबा फोडायचं अवजार यायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली. १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने केलं ते कोयत्यासारखं वाकडं पातं होतं, खुपसून करवतीसारखं पुढे ढकलायचं. १८७० मध्ये विल्यम लायमनने पहिल्यांदा गोल फिरणारं पातं आणलं, पण त्यासाठी आधी झाकणाच्या मध्यावर भोक पाडायचं आणि त्यात टोक अडकवून कंपाससारखं गोल फिरायचं. ओढायला काहीच नाही, सगळी ताकद मनगटाची. दातेरी चाक आलं ते १९२५ च्या सुमाराला, सॅन फ्रान्सिस्कोत. आणि चार्ल्स आर्थर बंकरला १९३१ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती म्हणजे दोन दांडे, चावी, पातं आणि दातेरी चाक. तुमच्या ओट्यावर आहे तीच. पात्यापासून दातेरी चाकापर्यंत पंचावन्न वर्षं का लागली याचं माझं उत्तर सरळ आहे. पाच पत्र्यांचा हा काठ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. त्याआधी दात रुतवायला कंगोराच नव्हता.

छिन्नी-हातोड्याचं वाचलं की मला आमची आई आठवते. १९७४ साली चिपळूणला आमच्या घरी कोणीतरी रसाचा डबा भेट दिला होता आणि घरात फोडायला काही नव्हतं. आईने नारळ सोलायची कोयती झाकणावर उभी धरली आणि वरून वरवंटा घातला. तिसऱ्या घावाला कोयती घसरली. अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले आणि तो अंगठा तिला शेवटपर्यंत पूर्ण मिटता आला नाही. भाकरी थापताना तो एक अंगठा वेगळा उभा राहायचा. म्हणून सांगते, कटर अडला की सुरी, विळी, कोयती काही म्हणजे काहीही डब्याला लावू नका. त्या दिवशी रस खाल्ला नाही तरी चालेल.

आता तुमचा कटर. खूण उथळ आहे, सगळीकडे उथळ आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांपासून फाकत आहेत. दोन दांडे ज्या रिवेटवर जोडलेत तो सैल झालाय. दांडे मिटून एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने दातेरी चाक वर-खाली हलवून बघा. खुळखुळ लागली तर तेच.

आधी स्वच्छ करा. दातांच्या फटीत वाळलेला रस आणि गंज मिळून सिमेंटसारखा थर होतो आणि दात असून नसल्यासारखे होतात. कडकडीत पाण्यात थोडा सोडा घालून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने दात न् दात घासा, लगेच कोरडं करून उन्हात ठेवा. पुष्कळदा एवढ्याने काम भागतं.

नाही भागलं तर रिवेट आवळायचा. रिवेट भरीव आहे का पोकळ ते आधी बघा. पोकळ असेल, मध्ये भोक दिसत असेल, तर हात लावू नका, तो फुटतो. भरीव असेल तर रिवेटचं एक डोकं लोखंडी खलाच्या बुडावर टेकवा, खल पालथा घालून. ऐरण म्हणून तो उत्तम. वरच्या डोक्यावर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, कडेकडेने गोल फिरत. प्रत्येक दोन ठोक्यांनंतर दांडे उघडून-मिटून बघा. खुळखुळ गेली आणि दांडे सहज उघडतात, तिथे थांबा. एक ठोका जास्त झाला की दांडे जाम होतात आणि तो ठोका परत घेता येत नाही.

तेल द्यायचं तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, चाकांच्या पिनांवर एकेक थेंब. गोडं तेल नको, महिन्याभरात चिकटा धरतं.

पात्याबद्दल मात्र वाईट बातमी आहे. या पात्याला एकाच बाजूने उतार असतो आणि ते कडक केलेलं असतं. घासून व्यास एक मिलिमीटरने कमी झाला, की पातं अर्धा मिलिमीटर कमी खोल जातं, आणि पत्रा ०.२ मिलिमीटरचा असताना अर्धा मिलिमीटर म्हणजे सगळंच. शिवाय ते आता गोल राहिलेलं नाही. ते परत गोल करणं घरी होण्यासारखं नाही. तेव्हा हो, नवा घ्या, पण जुना टाकू नका. त्याचा रिवेट नव्याआधी ठोकून बघा, हात बसेल. नवा घेताना दुकानात एवढंच करा. दांडे मिटून चाक हलवून बघा, आणि रिवेट भरीव बघून घ्या. दांड्यावरचं प्लॅस्टिक कुठल्या रंगाचं आहे याने काही फरक पडत नाही. यजमानांना सांगा, त्यांनी धार लावली ती काळजीने, पण या अवजाराला धार लावायची नसते.

आणि एक. डब्याचं झाकण किंवा बूड फुगलेलं असेल, दाबलं तरी परत वर येत असेल, तर त्याला कटर लावूच नका. आत वायू धरला आहे. चव न घेता, बंद डबाच फेकून द्या.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून एक कटर आणला. त्याने झाकण काठासकट अलगद निघतं, कुठेही धारदार कड नाही, आणि झाकण परत वर ठेवता येतं. पातं आत जातच नाही! हे कसं होतं? — एक वाचक, पुणे

उत्तर : वरच्या उत्तरातली पाच पत्र्यांची अडकण डोळ्यांपुढे आणा. तुमच्या कटरचं पातं आडवं बसवलेलं आहे आणि ते काठाच्या बाहेरच्या बाजूने दाबतं. पाचांपैकी सर्वांत बाहेरचा पत्रा झाकणाचा असतो. पातं तो एकच कापतं आणि थांबतं. तो सुटला की आतली बोटं मोकळी होतात आणि झाकण वर उचलता येतं. लेपामुळे किंचित चिकटून राहतं, म्हणून बहुतेक कटरच्या बाजूला चिमट्यासारखी चोच दिलेली असते, तिने उचला.

मला ही रचना मनापासून आवडते. पातं रसाला किंवा दुधाला लागत नाही, झाकण आत बुडत नाही, पत्र्याचा कीस पडत नाही. पण ती नाजूक आहे. एका पत्र्याएवढ्या खोलीवर थांबायचं असल्याने काठ ठेचलेला असेल तिथे ती चुकते. पोचा आलेल्या डब्याला जुनाच कटर लावा, तोही पोच्याच्या शेजारी सुरू करून पोच्यापासून दूर जात, म्हणजे पोचा शेवटी येईल. आणि झाकण वर ठेवता आलं तरी तो डबा पुन्हा हवाबंद होत नाही. उरलेला रस काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी डावखुरी आहे. टिन कटर हातात घेतला की तिचे हात एकमेकांत अडकतात. सासूबाई म्हणतात, उजव्या हाताची सवय लाव. — एक वाचक, सांगली

उत्तर : तिच्या हाताचा काहीही दोष नाही. हा कटर डाव्या हाताने दांडे दाबायचे आणि उजव्याने चावी फिरवायची या हिशेबानेच बांधलेला असतो. दाबणं हे पकडीचं काम आहे, चावी फिरवणं कसबाचं, आणि तिचं कसब डाव्या हातात आहे. डावखुऱ्यांसाठी आरशात बघावं तशी उलटी बांधणी केलेले कटर मिळतात, तो आणून द्या. तोवर डबा ओल्या फडक्यावर ठेवून तुम्ही दांडे दाबून धरा आणि तिला डाव्या हाताने चावी फिरवू द्या. सासूबाईंनाही एकदा उजव्या हातात दांडे आणि डाव्यात चावी देऊन बघा. डबा मात्र तुम्ही धरा.